कोकणच्या दमट हवेत १० मीटर एअर रायफलचे पेलेट: कोणता डबा घ्यावा आणि तो कसा पारखावा

पेलेटचा, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांचा, डबा हातात आला की आधी कंपनीचं नाव वाचू नका. झाकण उघडा, चार पेलेट पांढऱ्या कागदावर ओता आणि खिडकीच्या उजेडात बघा. ताजं शिसं निळसर करड्या रंगाचं असतं आणि त्याला मंद चकाकी असते. नुसती चकाकी गेलेली असेल तर घाबरायचं कारण नाही. पण पेलेटच्या मधल्या बारीक कमरेच्या खाचेत किंवा मागच्या घेराच्या आत पिठासारखा पांढरा थर दिसला, तर तो डबा जर्मनीतून आलेला असो की गल्लीतल्या दुकानातून, परत करा. हा पांढरा थर शिशाच्या कार्बोनेटचा असतो. तो पेलेटच्या पृष्ठभागावरचं धातू खाऊन तयार होतो, बॅरलमध्ये (रायफलच्या नळीत) घासला जातो, आणि पोटात गेला तर विषारी आहे.

देशावरच्या कोरड्या हवेत जो डबा तीन वर्षं नीट राहतो, तो डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात एका पावसाळ्यात खराब होऊ शकतो. म्हणून या परीक्षणात पेलेटच्या अचूकतेइतकंच वजन साठवणीला दिलं आहे. हे १० मीटर, ४.५ मिलिमीटर एअर रायफलच्या नेमबाजांसाठी आहे. पनवेलजवळ सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. त्यांनी २००४ च्या क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० केले होते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला याच प्रकारात विश्वविजेता झाला. अशा ठिकाणी शिकणाऱ्या मुलांना प्रशिक्षकच पेलेट निवडून देतात. रत्नागिरी, सिंधुदुर्गात शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर घरच्या लांब पडवीत सराव करणाऱ्यांना मात्र निवड स्वतःच करावी लागते, आणि तिथेच पैसे वाया जातात.

आकाराचं आधी उरकू. १० मीटरला फक्त सपाट तोंडाचे पेलेट घ्यायचे. सपाट कडा कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद राहत नाही. टोकदार पेलेट कागद फाडतात. त्यांचं टोक डब्यातच वाकतं, आणि वाकलं की पेलेट हवेत डुलायला लागतो. घुमटाकार पेलेट लांब अंतराला चांगले, पण कार्डावर (लक्ष्याच्या कागदावर) त्यांचं भोक ४.५ मिलिमीटरपेक्षा लहान आणि कडेला चिरलेलं दिसतं. तांब्याचा मुलामा दिलेले पोलादी गोल छर्रे आणि मागे दोऱ्यांचा गोंडा असलेले डार्ट खाचा असलेल्या बॅरलमध्ये कधीही घालू नयेत. पोलाद खाचा झिजवतं, आणि कठीण भिंतीवरून जोरात परत येतं. आंगणेवाडीच्या जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर काय चालतं, तो हिशोब इथे लावू नका.

आता खरा मुद्दा. पेलेटच्या दर्जातला फरक कार्डावर किती दिसतो?

१० मीटर रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. अपूर्णांकात गुण मोजताना दर ०.१ गुणामागे ०.२५ मिलिमीटर अंतर असतं. भोकाचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ०.२५ मिलिमीटरच्या आत असेल तर १०.९. एक मिलिमीटर सरकला तर १०.६. दोन मिलिमीटर सरकला तर १०.२. समजा रायफल घट्ट बांधून ठेवली आहे, नेम चुकायचा प्रश्नच नाही, तरीही एखाद्या पेलेटची भोकं एकमेकांपासून मध्य ते मध्य चार मिलिमीटरपर्यंत पसरतात. मग निर्दोष नेम धरलेली फैरसुद्धा कधी १०.२ वर जाईल, आणि मुलगा आपला श्वास चुकला, चाप ओढताना हात हलला असं समजून जे नीट चाललंय तेच बदलत बसेल. ६० फैरींच्या सामन्यात फैरीमागे सरासरी ०.२ गुण गेले तरी १२ गुण होतात. पात्रता फेरीत १२ गुण म्हणजे अंतिम आठ आणि यादीचा तळ यांतलं अंतर.

वजनाचंही असंच. मॅच रायफलचा पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. १० मीटर जायला त्याला सुमारे ०.०६ सेकंद लागतात. एवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणाने जवळजवळ १७ मिलिमीटर खाली येतो, जे साइटच्या (नेम धरायच्या साधनाच्या) मांडणीत धरलेलं असतं. पण एक पेलेट ०.५३ चा आणि पुढचा ०.५४ चा असेल, तर जड पेलेट एक टक्क्याच्या आसपास हळू जातो आणि सुमारे ०.३ मिलिमीटर जास्त खाली बसतो. ग्रॅमच्या शंभराव्या भागाने ०.१ गुण गेला. म्हणून चांगल्या डब्याची पहिली खूण म्हणजे सगळे पेलेट एकसारखे. ते सरासरीपेक्षा थोडे जड किंवा हलके असले तरी चालतात, कारण साइट फिरवता येते. आपसांतला फरक मात्र कुठल्याही साइटने जात नाही.

हे तपासायला सोनाराकडचा ०.०१ ग्रॅमचा खिशात मावणारा काटा पुरत नाही, तो ०.५२, ०.५३, ०.५४ एवढंच सांगेल. ०.००१ ग्रॅमचा काटा लागतो. पंखा बंद, समुद्राकडची खिडकी बंद, काट्याखाली दगडी फरशी किंवा ओटा, आणि सुरुवातीला प्रमाणवजन ठेवून काटा जुळवून घेणं. डब्यातून ५० पेलेट उचला, प्रत्येकाचं वजन लिहा. सगळ्यांत जड आणि सगळ्यांत हलका यांत ०.००५ ग्रॅमच्या आत फरक असेल तर डबा सामन्यासाठी ठेवा. ०.०१ च्या वर गेला तर सरावाला. दहा-दहा पेलेट एकदम तोलून सरासरी काढण्यात काही अर्थ नाही, कारण जड आणि हलके एकमेकांना झाकतात.

डोक्याचा व्यास हा तिसरा भाग, आणि सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आहेत. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं. मोठा आकडा म्हणजे चांगला पेलेट, असं काही नाही. प्रत्येक बॅरलची आतली घडण एखाद्या शतांशाने वेगळी असते, आणि एकाच कारखान्यातल्या एकाच मॉडेलच्या दोन रायफली वेगवेगळं डोकं मागतात. मित्राची रायफल ४.५१ ला सुंदर ग्रुप (फैरींच्या भोकांचा जवळजवळ पडलेला पुंजका) देते म्हणून तोच डबा घेणाऱ्यांचं निम्मं साल वाया जातं. डोकं सैल असेल तर पेलेट खाचांत पकड घेत नाही आणि थोडा तिरका सुटतो. घट्ट असेल तर भरतानाच अंगठ्याला कळतं, आणि वेग फैरीगणिक बदलतो. पकड बघायची साधी पद्धत अशी: हवेचा सिलिंडर काढून ठेवा, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, पेलेट भरा आणि प्लास्टिकच्या मुलाम्याच्या क्लिनिंग रॉडने तो हळूच पुढे ढकलून तोंडातून मऊ कापडावर पाडा. भिंगाखाली डोक्यावर खाचांच्या बारीक खुणा चहूबाजूंनी सारख्या दिसल्या पाहिजेत. एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला नाहीतच, अशा असतील तर तो व्यास तुमच्या बॅरलचा नाही. मागच्या घेरावर मात्र सगळीकडे ठळक खुणा असणारच.

आता डब्यांविषयी, एकेक.

एच अँड एनचा फिनाले मॅच हा माझ्या मते सुरुवात करायला सगळ्यांत शहाणपणाचा पेलेट आहे. हान म्युंडेन या जर्मन गावातली ही कंपनी १८२५ पासून शिशाचं काम करते. या पेलेटचा खरा फायदा असा की तो डोक्याच्या वेगवेगळ्या व्यासांत मिळतो, आणि वेगवेगळे व्यास थोडे-थोडे घालून चाचणीसाठी बनवलेला संचही कंपनी विकते. ज्याला आपल्या बॅरलचा व्यास अजून माहीत नाही, त्याने पाचशेचा डबा घेण्याआधी हा संच मागवावा. रायफलसाठी ०.५३ ग्रॅमचा घ्यायचा.

आरडब्ल्यूएसचा आर १० मॅच ०.५३ आणि ०.४५ ग्रॅम अशा दोन वजनांत येतो. पहिला रायफलचा, दुसरा पिस्तुलाचा. दुकानदार बरेचदा हा फरक सांगत नाही, आणि डबे दिसायला जवळचे असल्यामुळे चुकीचं वजन घरी येतं. डब्यावरचा वजनाचा आकडा वाचूनच पैसे द्या. याच कंपनीचा माइस्टरकुगेल्न त्याच दोन वजनांत मिळतो आणि आर १० पेक्षा स्वस्त असतो. रोजच्या सरावाला तो पूर्ण समाधानकारक आहे. सरावाला माइस्टरकुगेल्न आणि सामन्याला आर १० असा जोड लावायला हरकत नाही, फक्त सामन्याआधी निदान दोन आठवडे सामन्याचाच पेलेट वापरा, कारण दोन्हींची साइट एक-दोन क्लिकने वेगळी बसते.

जेएसबी ही चेक प्रजासत्ताकातल्या बोहुमिनची कंपनी. तिच्या घुमटाकार पेलेटची ख्याती मोठी, पण तिचे सपाट मॅच पेलेटही वरच्या दोघांच्या पंक्तीत बसतात. आपल्याकडे अडचण एकच, सलग पुरवठा मिळेलच असं नाही. आज जुळलेला लॉट (कारखान्यात एकदम बनलेली खेप) पुढच्या वेळी मिळणार नसेल तर सुरुवात करणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये. ज्याच्याकडे एकदम पाच-सहा डबे घ्यायची सोय आहे, त्याने जरूर घ्यावा.

गामो मॅच हा स्पॅनिश पेलेट, ०.४९ ग्रॅमचा. फाइनवर्कबाउ ८०० किंवा वाल्थर एलजी ४०० सारख्या मॅच रायफलमध्ये तो घालू नका. महागाच्या बॅरलचा त्यात अपमानच आहे. पण नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या रायफलला, जिच्यावर बहुतेक मुलं नेम धरायला शिकतात, तो छान जमतो. स्प्रिंगच्या रायफलचा धक्का पेलेट बाहेर पडायच्या आधीच सुरू होतो, त्यामुळे तिथे शतांशांच्या फरकाचा फायदा हाती लागत नाही. अशा रायफलला १० मीटरवर भोकांचा पसारा मध्य ते मध्य आठ-दहा मिलिमीटरच्या आत आला की पेलेट योग्य आहे असं समजा आणि उरलेले पैसे जास्त फैरी मारण्यात घाला.

देशी पेलेटचे डबे स्वस्त आहेत आणि शिकाऊंना उभं राहणं, श्वास, चाप हे शिकवताना तेच वापरावेत. त्यांत लॉटनुसार फरक पडतो, म्हणून डब्यावरचा लॉट क्रमांक वहीत लिहून ठेवायची सवय लावा. कथिलाच्या मिश्रधातूचे बिनशिशाचे पेलेटही मिळतात. त्यांच्यावर पांढरा थर धरत नाही आणि हात काळे होत नाहीत, ही किनाऱ्यावर मोठीच सोय. पण ते हलके आणि कठीण असतात, सगळ्याच बॅरलना मानवत नाहीत. घरात लहान मुलं असतील तर मी अचूकता थोडी सोडून हेच घेईन.

पेलेट बॅरलला जुळतो की नाही, ते एका ग्रुपवरून ठरत नाही. पाच फैरींचा एक ग्रुप कुठल्याही वाईट पेलेटचासुद्धा सुंदर येऊ शकतो. रायफल लाकडी चिमट्यात रबर घालून घट्ट धरा. चिमटा नसेल तर वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, पण वाळू किनाऱ्यावरची नको. तिच्यातलं मीठ ओल ओढून घेतं आणि पिशवी टेकते तिथे लोखंडाला गंज चढतो. नदीची धुऊन वाळवलेली वाळू घ्या, किंवा सरळ तांदूळ भरा. अंतर टेपने १० मीटर मोजा. नवीन पेलेट सुरू करताना आधी दहा फैरी कुठेही मारून टाका, कारण आधीच्या पेलेटचा शिशाचा आणि तेलाचा थर बॅरलमध्ये असतो आणि नव्याचा थर बसायला तेवढ्या लागतात. मग दहा-दहा फैरींचे पाच ग्रुप, प्रत्येकाला वेगळं कार्ड. व्हर्नियरने सगळ्यांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. पाच ग्रुपची सरासरी काढा. एखादं भोक बाजूला गेलं तर ते ‘चुकून गेलं’ म्हणून वगळायचं नाही, सामन्यातही ते वगळलं जाणार नाही.

चिमट्यात धरलेल्या मॅच रायफलला सरासरी दोन मिलिमीटरच्या आत आली तर तो डबा सामन्याचा. तीनपर्यंत सरावाचा. त्याच्या वर असेल तर आधी बॅरल साफ करा आणि पुन्हा तपासा, मगच पेलेटला दोष द्या. साफ करायला फेल्टच्या गोळ्या मिळतात, त्या पीसीपी रायफलमधून (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) हवेने मारता येतात. स्प्रिंगच्या रायफलमध्ये फेल्टची एकच गोळी कधी मारू नका. ती इतकी हलकी असते की पिस्टनला पुढे अडवणारा दाबच तयार होत नाही आणि तो आदळून सील फुटतो. तिथे रॉडनेच ढकला. स्प्रिंगच्या रायफलला बॅरलमध्ये किंवा पेलेटला पातळ खनिज तेलही लावायचं नाही, दाबाखाली ते पेटतं, धूर येतो आणि वेग वाटेल तसा उडतो.

पार्सलचा एक वेगळाच त्रास आहे. डबे आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरून येतात तेव्हा आत मोकळी जागा असेल तर पाचशे पेलेट एकमेकांवर आपटत येतात. पेलेटचा मागचा घेर कागदासारखा पातळ असतो, तो चेपला की हवा एका बाजूने निसटते. डबा हलवून बघा. खुळखुळला तर आतलं फोम बसलंय की नाही ते बघा. आलेल्या डब्यातले पन्नास पेलेट काचेवर हाताने लोळवा. चांगला पेलेट डोक्याभोवती गोल वळसा घेतो, चेपलेला अडखळत थांबतो. पन्नासात दोनपेक्षा जास्त अडखळले तर सामन्यासाठी तो डबा विसरा. काही मॅच पेलेट प्रत्येकी वेगळ्या खाचेत बसवून येतात, ते महाग असतात, पण घाटातून येणाऱ्या पार्सलला तेवढे पैसे वसूल होतात.

आता साठवण. आपल्याकडे आगोटीला माणूस पापड, मसाला, सुकी मासळी डब्यात भरून ठेवतो, तशीच पेलेटची आगोट करावी लागते. मे महिन्याच्या शेवटी, हवा अजून कोरडी असताना, चार महिन्यांचे डबे एका घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. त्यात रंग बदलणारी सिलिका जेल, दर पाच लिटर जागेला साधारण ५० ग्रॅम. नारंगी दाण्यांचा रंग हिरवट झाला की ती १२० अंशावर दोन-तीन तास तापवून सुकवा. स्वयंपाकाच्या भांड्यात नको, त्यासाठी वेगळी पाटी ठेवा. रोजचा चालू डबा निराळा ठेवा, म्हणजे साठ्याचं झाकण आठवड्यातून एकदाच उघडेल.

आणि पेलेट लाकडी कपाटात ठेवू नका. ही गोष्ट बहुतेकांना खरी वाटत नाही. लाकडातून, विशेषतः नव्या लाकडातून आणि प्लायवूडमधून, अॅसेटिक आम्लाची वाफ सतत निघत असते. माणसाला वास येत नाही इतकी थोडी, पण शिशाला तेवढी पुरते. संग्रहालयांत शिशाची नाणी आणि मोहरा लाकडी खणांत पांढऱ्या पडतात त्याचं कारण हेच. त्यात पावसाळी हवेतली ८५ टक्क्यांच्या वरची आर्द्रता मिळाली की माजघरातलं सुंदर नवं कपाट हीच पेलेटची सगळ्यांत वाईट जागा ठरते. व्हिनेगरची बाटली शेजारी नको. फटी बुजवायला लावतात ते सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास देत असेल, तर त्याने बुजवलेला डबाही महिनाभर उघडा ठेवल्याशिवाय वापरू नका. पांढरे झालेले पेलेट साबणाने धुऊन पुन्हा वापरायचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. धुताना वरचा तेलाचा पातळ थर जातो आणि पेलेट आठवडाभरात आणखी पांढरा पडतो.

दमट हवेचा दुसरा फटका पीसीपी रायफलच्या सिलिंडरला बसतो. हातपंपाने पावसाळ्यातली हवा २०० बारपर्यंत दाबली की तिच्यातलं पाणी बाहेर पडतं, आणि ते सिलिंडरमध्ये गेलं तर व्हॉल्व्ह गंजतो, वेग डळमळतो, आणि दोष बिचाऱ्या पेलेटवर येतो. पंपाला ओल शोषणारी नळी लावा. दर ५० दट्ट्यांनंतर थांबून खालचा स्क्रू उघडा आणि साचलेलं पाणी सोडा. मालवण, तारकर्लीकडे राहणाऱ्यांना एक चांगला पर्याय आहे: स्कूबाचे सिलिंडर भरणारे कॉम्प्रेसर. ती हवा श्वास घेण्यासाठी गाळून सुकवलेली असते. रायफलबरोबर आलेला अडॅप्टर लावून स्कूबा सिलिंडरमधून हळूहळू भरा, घाईने भरलं तर सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर दाब कमी दिसतो. ऑक्सिजन कधीही भरायचा नाही, तेलाचा अंश असेल तर स्फोट होतो. सिलिंडरवर कोरलेली बनवल्याची तारीखही बघा. मॅच रायफलच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षांची असते.

पाइपातून बटाटा, लिंबू किंवा सुपारी उडवणारी हवेची बंदूक घरी बनवून त्यावर नेम शिकावा का, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. उत्तर नाही असंच आहे. पाण्याचा पीव्हीसी पाइप दाबलेल्या हवेसाठी बनवलेलाच नसतो. दाबलेलं पाणी पाइप चिरला की शांत होतं, दाबलेली हवा त्याच पाइपाचे धारदार तुकडे करून फेकते, आणि उन्हाने ठिसूळ झालेला पाइप तर कधी फुटेल सांगता येत नाही. अचूकतेच्या दृष्टीनेही तिथे काही नाही, बटाट्याचे दोन तुकडे कधी सारख्या वजनाचे नसतात. कायद्याचाही प्रश्न आहे. विनापरवाना चालते ती ४.५ मिलिमीटरपर्यंत नळीची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअरगन. १० मीटरच्या मॅच रायफलची ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास असते, ती या मर्यादेत आरामात बसते. दोन बोटं जाड नळीची घरगुती बंदूक त्यात बसत नाही.

पेलेट थांबवायला मागे काय आहे, यावरही निवड अवलंबून असते. चिऱ्याच्या भिंतीवर थेट मारू नका. चिरा उडतो, शिसं चपटं होऊन उलट येतं आणि धूळ होतं. तीसेक सेंटिमीटर खोलीची लाकडी पेटी घ्या, मागच्या बाजूला तीन मिलिमीटरचा पोलादी पत्रा खाली झुकवून बसवा आणि पुढची जागा काथ्याने गच्च भरा. काथ्या आपल्याकडे मुबलक आहे आणि तो पेलेट फोडत नाही, धरून ठेवतो. दर पाचशे-हजार फैरींनंतर मधला काथ्या बाजूला करून शिसं काढा, नाहीतर तिथे शिशाचा गोळा होतो आणि पुढचा पेलेट त्यावरून उसळतो. डोळ्यांवर चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यालाही. पक्ष्यांवर, वानरांवर, खारींवर पेलेट मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा गुन्हा आहे. आगरात नुकसान होतंय हे कारण तिथे चालत नाही.

भरताना पेलेट तोंडात धरायची काहींना सवय असते, ती आजच सोडा. सरावानंतर आधी हात साबणाने धुवा, मग चहा-बिस्किट. सरावाचे कपडे वेगळे ठेवा, जमिनीवरची धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं स्वयंपाकघरात नेऊ नका. गोळा झालेलं शिसं बंद बरणीत साठवून भंगारवाल्याला द्या. काही जण ते घरच्या चुलीवर वितळवून जाळ्यांसाठी वजनं ओततात. बंद पडवीत तो धूर आणि वर जमणारी राख लहान मुलांच्या रक्तात जाते, त्यामुळे ते करू नका. आगरात किंवा वहाळात शिसं टाकलं तर ते आपल्याच विहिरीकडे येतं.

खर्चाचा अंदाज सोपा आहे. एका सत्रात ६० फैरी आणि आधीच्या साइटिंगच्या पंधरा-वीस धरल्या तर ८० होतात. आठवड्यात पाच दिवस सराव म्हणजे ४०० पेलेट, पाचशेचा डबा सहा दिवस पुरतो. जून ते सप्टेंबर अशा सतरा आठवड्यांना चौदा डबे लागतील. त्यांतले दहा सरावाचे, चार सामन्याचे, आणि चारही एकाच लॉटचे. ऑर्डर एप्रिलमध्येच द्या, म्हणजे पार्सल पाऊस लागायच्या आधी घाट उतरून येईल आणि लोळवून, तोलून, ग्रुप मारून बघायला पुरता मे महिना हातात राहील.